शहापूरचे जुने घर रिकामे करताना : कोणती वस्तू कशी पुन्हा वापरात आणावी?

प्रश्न : तुळशीकट्टा (शहापूर, बेळगाव)

नमस्कार. बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या सासरचे कौलारू घर आता उतरवायचे ठरले आहे. त्याआधी घरातील वस्तूंची निरवानिरव करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सासूबाईंच्या दोन ट्रंका भरून लुगडी आणि साड्या आहेत. त्यांतील काही रोजच्या वापराची विटलेली सुती जुनेरे आहेत, काही इरकली आहेत, आणि बऱ्याचशा नायलॉनच्या आहेत. त्याशिवाय तांब्याचा बंब, घंगाळ, कल्हई उडालेली पितळी पातेली, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तडकलेला तवा, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, गोडेतेलाचे पत्र्याचे डबे, सागवानी दरवाजांच्या दोन जोड्या आणि अर्थातच छपरावरची कौले आहेत.

घरातील काही मंडळींचे म्हणणे असे की भंगारवाल्याला बोलवावे आणि एका दुपारीत विषय संपवावा. दुसरीकडे तरुण मुले मोबाइलवर चित्रे दाखवतात, ज्यांत बंबाचा दिवा केलेला असतो आणि घंगाळात प्लॅस्टिकची फुले ठेवलेली असतात. मला दोन्ही पटत नाही. वस्तू पुन्हा वापरायची म्हणजे तिच्याकडून रोजचे काही काम व्हावे, केवळ तिच्यावरची धूळ पुसण्याचे नवे काम आपल्यामागे लागू नये, अशी माझी धारणा आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : कृष्णाकाठ (चिकोडी)

ताई, आपली धारणा योग्य आहे, आणि तिच्या कसोटीवर सर्वांत आधी उतरतात ती आपली सुती जुनेरे. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेल्या कापडासारखे अंगाला सुखावणारे दुसरे काही नाही. आमच्याकडे त्याची वाकळ, म्हणजे गोधडी करतात. ती कशी करावी हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण वाकळीचे आयुष्य कापडाच्या निवडीवर आणि दोऱ्यावर अवलंबून असते.

प्रथम ट्रंकेतील प्रत्येक लुगडे उजेडासमोर धरून पाहावे. जिथे कापड विरले आहे तो भाग आतल्या थरांसाठी, आणि धड भाग वरच्या व खालच्या तोंडासाठी ठेवावा. खळ असलेले कापड आधी गरम पाण्यात भिजवून, खळ पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवावे, कारण पेटीतील कसर त्या खळीच्याच मागे लागते. दोरा सुतीच घ्यावा. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून लोक तो निवडतात, परंतु जुन्या कापडापेक्षा दोरा चिवट असला की धुताना तो दोराच कापडाला कापत जातो. साधा धावदोरा, टाके जवळजवळ आणि सर्व थरांमधून जाणारे, एवढे सांभाळले तर आतले कापड चुरगळून एका बाजूला गोळा होत नाही.

इरकली लुगडी मात्र वाकळीत सरसकट घालू नयेत. त्यांचे सुती अंग झिजते, परंतु रेशमी काठ आणि पदर पुष्कळदा शाबूत राहतात. ते काठ उसवून वाकळीच्या कडेला लावावेत, उशांच्या अभ्र्यांना लावावेत किंवा मुलींच्या परकराला घेर म्हणून लावावेत. पेटीत गुळेदगुड्डचे खण निघाले तर त्यांचेही असेच करता येईल. एखाद्या साडीची जर खरी, म्हणजे चांदीच्या तारेची असण्याची शक्यता वाटली, तर ती कापण्याआधी जाणकार सराफाला दाखवावी.

नायलॉनच्या साड्या अंथरुणासाठी निरुपयोगी आहेत. त्या घाम टिपत नाहीत आणि सुईखाली सरकतात. त्यांच्या लांब पट्ट्या काढून तिपेडी वेणी घालावी, म्हणजे त्यांपासून वाळत घालायचे दोर आणि बाजाराच्या पिशव्यांचे बंद होतात. उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवल्या तर भाजी आणताना त्या वर्षानुवर्षे फाटत नाहीत.

आपल्याच सीमाभागातील आणखी एक गोष्ट येथे आवर्जून सांगावीशी वाटते. खानापूर तालुक्यात आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूर भागात राहणाऱ्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची जी कवंदी शिवतात, तिची रीत आपल्या वाकळीहून निराळी आहे. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने ठिगळे जोडत, फिरत फिरत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे फूल बसवतात. त्यात आधी आखलेला नमुना नसतो, हातात येईल त्या तुकड्याशी रंग जुळवत काम पुढे सरकते. आपल्याला स्वतः शिवणे शक्य नसेल तर गावाकडे, सुगी आटोपल्यावर, वाकळ शिवून देणाऱ्या बायका मिळतात. मात्र कापड आपले आहे म्हणून मजुरीत घासाघीस करू नये, कारण वाकळीची खरी किंमत त्या टाक्यांची असते.

उत्तर : कौलारू (खानापूर)

दरवाजे आणि कौले यांविषयी लिहितो.

सागवानी दरवाजा कधीही जळणाच्या भावाने देऊ नका. शक्य असेल तर तो नव्या घरात दरवाजा म्हणूनच बसवावा, आणि त्यासाठी नवीन भिंतीचे माप ठरण्यापूर्वीच गवंड्याला जुन्या चौकटीचे माप द्यावे. दरवाजाचे टेबल करण्याची हल्ली पद्धत आहे. ते वाईट नाही, परंतु टेबलासाठी फळी कुठूनही मिळते आणि पन्नास पावसाळे पाहिलेला, आता फारसा न आकसणारा, न फुगणारा दरवाजा सहसा मिळत नाही. फळीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा खाली बारीक पीठ सांडलेले दिसले, तर भुंग्याचा किंवा वाळवीचा बंदोबस्त आधी करावा.

एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. जुन्या तैलरंगात शिसे असण्याची दाट शक्यता असते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग इतकी खाली आणणारे नियम 2016 मध्ये निघाले आणि पुढल्या वर्षापासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीचा रंग संशयास्पदच धरावा. असा रंग कोरडा घासू नये आणि जाळून तर मुळीच काढू नये. पृष्ठभाग ओला ठेवून, तोंडाला मास्क बांधून, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना दूर ठेवून काम करावे आणि निघालेला चुरा गोळा करून वेगळा बांधावा. रंग घट्ट बसलेला असेल तर तो न काढता त्यावरच नवा हात देणे अधिक सुरक्षित ठरते.

कौलांचे म्हणाल, तर मंगळुरी पद्धतीच्या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने 1865 मध्ये मंगळुरात काढला आणि पुढे ही कौले आपल्या मुलखातील पावसाची कौले झाली. आमच्या खानापूरची मातीही कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी नावाजलेली आहे. छपरावरून कौले फेकून न देता हातोहात उतरवावीत, कारण जांबोटी आणि कणकुंबीकडे अजूनही जुनी कौलारू घरे आहेत आणि तिथे दर पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलावी लागतात. त्याच ठशाचे जुने कौल मिळाले तर त्यांची मोठी सोय होते, कारण निराळ्या ठशाचे कौल खाचेत बसत नाही आणि गळती सुरूच राहते. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उमटलेले असते, त्यानुसार गठ्ठे वेगळे लावावेत. फुटलेल्या कौलांचे मोठे तुकडे कुंडीच्या तळाशी किंवा वाफ्याच्या कडेला लागतात. बारीक तुकडे कुटून सुरखी करता येते. भाजलेल्या मातीची ही पूड चुन्यात मिसळली की चुना पाण्यातही घट्ट धरतो, आणि म्हणूनच जुन्या विहिरी व टाक्या अशाच चुन्यात बांधलेल्या आढळतात.

छपराच्या एखाद्या भागावर सिमेंटचे पन्हाळी पत्रे असतील तर ते कापू किंवा फोडू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरते.

उत्तर : भट्टी (उद्यमबाग)

बिडाचा तडकलेला तवा सांधण्याच्या नादी लागू नये, कारण वेल्डिंग केलेले बीड चुलीवर पुन्हा तडकते. तो खुशाल मोडीत द्यावा. बेळगावात उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत आणि बिडाची मोड हा त्यांचा कच्चाच माल आहे. त्यामुळे मोडीत देणे म्हणजे वाया घालवणे, असे धातूच्या बाबतीत मानण्याचे कारण नाही. पितळी पातेल्यांना मात्र कल्हई करून घ्यावी आणि ती वापरावीत. कल्हई नसलेल्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो असे आंबट काहीही ठेवू नये. बंबाची धुराची नळी आणि तोटी ठीक असेल तर तो बंब म्हणूनच वापरावा. नारळाच्या करवंट्या, काटक्या आणि बागेतील वाळका पालापाचोळा यांवर त्यात पाणी उत्तम तापते.

तुळशीकट्टा (शहापूर, बेळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दरवाजांचे माप उद्याच गवंड्याकडे पाठवते. बंबाबाबत मुलांचीही समजूत पटली आहे. दोन शंका उरल्या आहेत. एका बरणीला आतून केसासारखी चीर आहे, तिच्यात कोरडे मीठ ठेवले तर चालेल का? आणि पत्र्याच्या डब्यांत झाडे लावावीत का? त्यांतील काही तेलाचे, तर काही रंगाचे आहेत.

उत्तर : परसबाग (टिळकवाडी)

चीर गेलेल्या बरणीत खाण्याचा कोणताही पदार्थ ठेवू नये, मीठही नाही. मीठ ओल धरते, ती ओल चिरेतून झिलईच्या आत शिरते आणि चीर वाढत जाते. शिवाय जुन्या झिलईत शिसे असू शकते. धुण्याचे चिमटे, शिवणाचे सामान किंवा केरसुण्या यांसाठी ती बरणी ठेवावी.

तेलाच्या डब्यांत झाडे जरूर लावावीत. तळाला आणि तळापासून दोन बोटे वर कडेलाही भोके पाडावीत, कापलेली कड पक्कडीने आत वळवावी आणि डबा विटांवर ठेवावा, म्हणजे तळ लवकर गंजत नाही. दोनतीन वर्षांनी पत्रा गंजून जाणारच, तेव्हा त्यात अळू, पुदिना, गवती चहा अशी सहज काढून लावता येणारी झाडे असावीत. रंगाच्या आणि कीटकनाशकाच्या डब्यांत खाण्याचे काहीही लावू नये. ते घरगुती घातक कचऱ्यात वेगळे द्यावेत. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी जी विभागणी सांगितली, ती याचसाठी. रंगाचा डबा ओल्या कचऱ्यात गेला तर त्या साऱ्या कचऱ्याचे खत बिघडते.

घर उतरवेपर्यंत अंगणात काढून ठेवलेले घंगाळ, बरण्या, डबे आणि विशेषतः टायर पालथे किंवा झाकून ठेवावेत. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला वाटीभर स्वच्छ साचलेले पाणीही अंडी घालण्यास पुरते आणि अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठवडाच लागतो. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून न देता कड घासूनही काढावी.