बाबांच्या १९९८च्या अमेरिकेच्या टेप्स : चित्र गंडलंय, शिवाय एक घरगुती पेच

डोंबिवलीकरीण
नमस्कार मंडळी. १९९८ साली आई-बाबा दोन महिने काकांकडे एडिसनला, न्यू जर्सीत, राहिले होते. काकांनी तिथल्याच दुकानातून बाबांना हाय-८ व्हिडिओ कॅमेरा (छोट्या कॅसेटवर चित्रीकरण करणारा) घेऊन दिला आणि बाबांनी सात कॅसेट भरल्या. झूमवरून बोट निघत नसे त्यांचं. नायगाऱ्याला 'मेड ऑफ द मिस्ट' बोटीत निळे रेनकोट घातलेली आमची फलटण, भिंगावर थेंब, आणि मागून आकाशवाणी थाटात, "आता आपण धबधब्याच्या अगदी निकट आलो आहोत."

मागच्या महिन्यात कॅमेऱ्यासकट सगळं एका स्टुडिओत दिलं. पेन ड्राइव्हवर आलं ते काळंपांढरं, वरून खाली घरंगळणारं चित्र. आवाज मात्र खणखणीत. दुकानदार म्हणतो टेप मेल्या. खरंच?

आता पेच. पाचव्या कॅसेटमध्ये, नायगाऱ्याहून परतताना, बाबा कॅमेरा बंद करायला विसरलेत. अकरा मिनिटं. मागच्या सीटवरून काकू आईला म्हणते, "वहिनी, मला परत यायचंय हो. ह्यांना सांगायची सोय नाही." आई बराच वेळ गप्प. मग विचारते, "बर्फ पडला की दूध कुठून आणता गं तुम्ही?"

आई २०१६ला गेली. काका-काकू अजून एडिसनलाच आहेत. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकतीस माणसं टेप्सची वाट बघतायत आणि बाबा (वय ८१) म्हणतात, एक सेकंदही कापायचा नाही. काय करू?

रीळवाला
टेप जिवंत आहेत. कॅमेरा अमेरिकेतला, म्हणजे तिकडची व्हिडिओची पद्धत, एनटीएससी. आपल्याकडची पद्धत पाल (PAL). तिकडे चित्राला ५२५ रेषा, इकडे ६२५. स्टुडिओवाल्याने कॅप्चर करताना, म्हणजे टेपवरचं कॉम्प्युटरवर उतरवताना, सेटिंग पालवरच ठेवलं असणार. आवाजाची वायर वेगळी, म्हणून तो शाबूत. कॅसेटवर पी६-१२० असं छापलंय का बघा, पी६ म्हणजे एनटीएससीचा माल. पी५ असता तर पाल.

कॅमेरा चालतोय तर स्टुडिओ हवाय कशाला? यूएसबी कॅप्चरचं यंत्र घ्या, सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी निवडा. प्रत्येक टेप आधी एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे. आणि कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडा बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नका. कॅमेऱ्यातलं टेप वाचणारं हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. डोंबिवलीच्या हवेत सव्वीस वर्षं, म्हणून सांगतोय.

दुसऱ्या प्रश्नात मी पडत नाही.

मिरजेची सून
मी पडते! आधी काकूंना विचारा. त्यांचं बोलणं आहे ते, बाबांचं नव्हे. कॅमेरा बाबांचा असला म्हणून काय झालं.

आणि एकतीस माणसं सात कॅसेट बघणार नाहीत हो. आमच्या ह्यांनी युरोप टूरची सीडी दिवाळीत लावली होती. माउंट टिटलिसच्या गोल फिरणाऱ्या केबलकारपर्यंत सगळे होते, ऱ्हाइनच्या धबधब्याला मी आणि सासूबाई, पुढे नुसत्या सासूबाई. त्याही झोपलेल्या.

एच१बी_ते_आजोबा
एडिसनजवळच राहतो. १९९८ला इथे सगळ्याच घरांत हे बोलणं चालायचं, फक्त कॅमेरा बंद असायचा. काकूंना ऐकवाच.

मूळ फाइल जपून ठेवा, छाटायची ती प्रत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकलात तर चित्राचा चोथा होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलं तरी लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघतो, हे काकूंच्या बाबतीत लक्षात असू द्या.

डोंबिवलीकरीण
रीळवाले, साष्टांग नमस्कार. पी६-१२०च निघाली. एनटीएससी केल्याबरोबर रंग आले. आईची मोतिया साडी मी पांढरी समजत होते. त्या अकरा मिनिटांत बाबांच्या चपला आणि गाडीत सांडलेला चिवडा, एवढंच दिसतं.

काकूला फोन केला. आधी म्हणाली, मी असं काही बोललेच नाही. मग म्हणाली, मला एकटीला पाठव. दोन दिवसांनी तिचा फोन. हसत होती. "तुझ्या आईने दुधाचं विचारलं आणि मला इतका राग आला होता ना! पण त्या रात्री मी झोपल्यावर तिने ह्यांना बसवून सगळं सांगितलं. पुढच्याच डिसेंबरात ह्यांनी मला सहा महिने सांगलीला धाडलं." हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं.

ग्रुपवर नको म्हणाली, पण पुसूही नको. तर मूळ फाइल माझ्याकडे आणि तिच्याकडे. बाकीच्यांना उरलेलं सगळं, थेंबाळलेल्या नायगाऱ्यासकट.

बाबांनी बरोबर पकडलं, "पाचवीत मध्येच उडी आहे." बुरशी लागली होती म्हणून सांगितलं.