मदत हवी आहे: वणव्यात घर सोडायची वेळ आली तर आई-बाबा, शेळ्या आणि एकच गाडी, तयारी कशी करू?

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज.

आम्ही कॅलिफोर्नियात नेवाडा काउंटीत राहतो, ग्रास व्हॅलीपासून वीसेक मिनिटं आत डोंगरात. पाच एकर जागा, भोवती पाइन आणि ओक, पाणी बोअरचं, प्रोपेनची टाकी, चार शेळ्या, एक कुत्रा. नवरा आठवड्यातले तीन दिवस सॅक्रामेंटोला कामाला जातो, म्हणजे त्या दिवशी काही झालं तर तो तिकडं अडकणार आणि रस्ते बंद केले की त्याला वर सोडणारच नाहीत. घरी मी, सहा वर्षांची मुलगी आणि सांगलीहून आलेले माझे आई-बाबा. बाबा ७८ वर्षांचे, वॉकर घेऊन चालतात, इन्सुलिन चालू आहे. हायवेला लागायला एकच रस्ता आणि तोही असा की समोरून गाडी आली तर एकीनं कडेला थांबायचं.

गेल्या आठवड्यात रेड फ्लॅग वॉर्निंग (आग भडकण्याजोग्या हवेचा सरकारी इशारा) होती, सुसाट वारा, वीज कंपनीनं खबरदारी म्हणून लाइट बंद केलेले, आणि दुपारी धुराचा वास यायला लागला. आग लांब होती, आमच्यापर्यंत आली नाही, पण तो अर्धा तास मी नुसती घरभर फिरत होते. पासपोर्ट काढले, टेबलावर ठेवले, पाणी भरायला गेले तर नळाला थेंब नाही कारण बोअरची मोटर विजेवर, परत आले तर पासपोर्ट कुठं ठेवले तेच आठवेना. गाडी गॅरेजमध्ये आणि लाइट नाही म्हणून मोटरवरचं दार उघडेना. आतला लाल दांडा ओढायचा हे माहीत होतं, ओढला पण, पण ते दार हातानं वर उचलायला माझा एकटीचा जोर पुरेना. शेवटी आईनं पदर खोचला आणि आम्ही दोघींनी मिळून ते खांद्याच्या उंचीपर्यंत नेलं. तेव्हा पोटात गोळा आला. आई नसती तर?

दुसरं म्हणजे बाबा. त्यांनी सांगलीत २००५ चा पूर बघितलाय, २०१९ चाही. पुराचं कसं असतं, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट झालं ते ऐकत बसायचं, सामान माळ्यावर टाकायचं, अगदीच वेळ आली की बोट येते. २०१९ ला ते दोघं तिसऱ्या दिवशी बोटीतून निघाले. त्यामुळं इथंही ते म्हणतात पोलीस दारात आले की निघू, एवढ्यात कशाला पळापळ. आईचं तसं नाही, तिनं २००५ पासून सगळे कागद दुधाच्या जाड पिशवीत गुंडाळून ठेवायची सवय लावून घेतलीय, इथं आल्यावरही पहिल्या दिवशी तिनं माझ्याकडं पिशवीच मागितली.

तर विचारायचंय असं की नक्की कधी निघायचं, शेळ्यांचं काय करायचं (ट्रेलर नाही, एक मिनीव्हॅन आहे), आणि बाबांना कसं पटवू? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

---

पायथ्याची_वाट

ताई, मी चिकोला राहते. ८ नोव्हेंबर २०१८ ला जवळचं पॅराडाइज गाव वणव्यात जळलं तेव्हा आमच्याकडं सकाळी नऊ-दहाला अंधार झाला होता आणि अंगणात जळकी पानं पडत होती. आग लागली साडेसहाच्या सुमारास आणि आठच्या सुमाराला गावात शिरलेली. ८५ माणसं गेली, त्यात बहुतेक म्हातारी. गावातून खाली यायचा मुख्य रस्ता स्कायवे, तिथं गाड्यांची रांग लागली आणि दोन्ही बाजूंनी आग. कित्येकांना अलर्ट आलाच नाही, टॉवर बंद पडले होते. म्हणून पोलीस दारात येतील यावर अजिबात राहू नका.

तुमच्यासाठी नियम एकच. इव्हॅक्युएशन वॉर्निंग (घर सोडावं लागेल असा इशारा) आली की निघायचं, ऑर्डरची (आत्ताच निघा या हुकमाची) वाट बघायची नाही. वॉर्निंगचा अर्थच असा आहे की ज्यांना जास्त वेळ लागतो, म्हातारी माणसं, जनावरं, त्यांनी आत्ता निघा. आणि रेड फ्लॅगच्या दिवशी नवरा घरी नसेल तर मी तर म्हणेन सकाळीच आई-बाबांना घेऊन खाली ऑबर्नला किंवा सॅक्रामेंटोला ओळखीच्यांकडं जा. दहा वेळा उगाच गेलात तरी चालेल.

काउंटीच्या अलर्टला सगळ्यांचे फोन रजिस्टर करा, तुमचा झोन नंबर (इशारे ज्या भागवार देतात त्यातला तुमच्या भागाचा नंबर) फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहा. आग कुठं आहे ते दाखवणारं वॉच ड्यूटी ॲप घ्या. पोलीस गाडीचा वर-खाली वाजणारा दोन सुरांचा सायरन ऐकू आला तर तो फक्त घर सोडण्यासाठीच वाजवतात, हे आई-बाबांना यूट्यूबवर ऐकवून ठेवा, त्यांना इंग्रजी अनाउन्समेंट नाही कळली तरी तो आवाज कळेल.

आणि गाडी वाऱ्याच्या दिवशी गॅरेजमध्ये ठेवूच नका. बाहेर, तोंड रस्त्याकडं, टाकी अर्ध्याच्या वर. गॅरेजचं ओपनर (दार उघडणारी मोटर) जुनं असेल तर बदलून घ्या, जुलै २०१९ पासून इथं विकल्या जाणाऱ्या नव्या ओपनरला बॅटरी बॅकअप कायद्यानंच लागतो, २०१७ च्या आगींत माणसं अशीच गॅरेजात अडकली होती.

---

माळरान

शेळ्यांचं सांगतो, आमच्याकडं सहा आहेत. मिनीव्हॅनची मागची सीट काढा, मोठ्या कुत्र्यांचे क्रेट मिळतात त्यात दोन-दोन मावतात. पण आजपासून रोज क्रेटमध्येच खुराक द्या, नाहीतर ऐन वेळी चार पाय रोवून उभ्या राहतील आणि तुमची वीस मिनिटं जातील. गळ्यातले नायलॉनचे पट्टे काढून टाका, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं, चामड्याचे किंवा सुती घाला.

तुमच्या काउंटीत व्हेट डिझास्टर रिस्पॉन्स टीम आहे, स्वयंसेवक असतात, जनावरं हलवायला मदत करतात. त्यांचा नंबर आजच फोनमध्ये घाला. ग्रास व्हॅलीच्या फेअरग्राउंडवर आगीच्या वेळी जनावरं ठेवून घेतात.

आणि हे सांगायला जड जातं पण ठरवून ठेवा, वेळ नसेल तर शेळ्या मागं ठेवायच्या. गोठ्यात कोंडायच्या नाहीत. जिथं गवत नाही अशा उघड्या जागेत सोडायच्या आणि गोठ्याचं दार बाहेरून लावायचं, कारण जनावर घाबरलं की परत ओळखीच्या गोठ्यातच शिरतं. अंगावर मार्करनं फोन नंबर लिहा. मुलीला आधीच सांगून ठेवा की असं होऊ शकतं, त्या क्षणी तिला समजावत बसायला वेळ नसतो.

---

औषधवाला

फक्त इन्सुलिनबद्दल. वापरात असलेलं पेन बऱ्याच ब्रँडचं साधारण २८ दिवस फ्रिजबाहेर चालतं, तुमच्या ब्रँडचं फार्मासिस्टला विचारून घ्या. उन्हात तापलेल्या गाडीत मात्र ठेवू नका, थर्मासची पिशवी घ्या पण बर्फाला थेट टेकवू नका. सगळ्या औषधांचा फोटो आणि प्रिस्क्रिप्शन फोनमध्ये हवं.

---

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मागं सोडायच्या शेळ्यांचं वाचून रडू आलं पण बरं झालं सांगितलंत, मी तो विचारच टाळत होते.

घर सोडताना काय करायचं? शेजारी म्हणाले छतावर स्प्रिंकलर चालू ठेवून जा.

---

पायथ्याची_वाट

नको. सगळ्यांनी नळ सोडले की फायरवाल्यांच्या पाण्याचा दाब जातो, आणि तुमचं तर बोअर, वीज गेली की संपलं. खिडक्या-दारं बंद, पडदे काढा, प्रोपेनचा वॉल्व्ह बंद, आतले दिवे चालू म्हणजे धुरात घर दिसतं. अंगावर सुती पूर्ण बाह्यांचे कपडे. आईंना सिंथेटिक साडी नको म्हणावं त्या दिवशी.

खरं काम आधीचं आहे. घरं बहुतेक वेळा ज्वाळांनी पेटत नाहीत, मैलभर लांबून उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. म्हणून भिंतीपासून पाच फुटांत काहीच जळणारं नको, पायपुसणं, लाकडाची रास, कोरडी झुडपं, काही नाही. छताच्या पन्हळीतल्या पाइनच्या सुया काढा. पुढं शंभर फुटांपर्यंत साफ ठेवायचं, तो तर कायदाच आहे.

---

कृष्णाकाठ

मी सांगलीचाच, आता सॅन होजेला. बाबांना त्यांच्याच भाषेत सांगून बघा. आयर्विनला ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी, हे त्यांना झोपेतसुद्धा माहीत असणार. वॉर्निंग म्हणजे ४० आणि ऑर्डर म्हणजे ४५. फरक एवढाच सांगा की कृष्णा ४० वरून ४५ ला जायला वेळ घेते आणि तेवढ्यात कोयनेतून किती विसर्ग सोडला तेही कळतं. इथं वारा फिरला की चाळिसाचे पंचेचाळीस व्हायला पंधरा मिनिटं पुरतात आणि बोट येत नाही. माझे वडील एवढ्यावर ऐकले होते.

---

धागाकर्ती

अपडेट देतेय. कृष्णाकाठ, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बाबा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले "म्हणजे चाळीसलाच निघायचं तर." आता रोज सकाळी चहाबरोबर विचारतात, आज पातळी किती, आणि मी वाऱ्याचा अंदाज वाचून दाखवते.

रविवारी सराव केला. पहिल्यांदा गाडी फाटकाबाहेर पडायला ३४ मिनिटं लागली, तीन शेळ्या आत आणि चौथी अंगणभर पळतेय. बुधवारी नवरा नसताना परत केला, १९ मिनिटं. आईकडं कागदांची पिशवी आणि देवघरातला बाळकृष्ण, मुलीकडं कुत्रा, माझ्याकडं औषधं, बाबा आणि शेळ्या. पासपोर्ट आता आईच्या पिशवीतून बाहेर निघतच नाहीत. गॅरेजचा माणूस मंगळवारी येतोय.

एकच अडलंय. दोन क्रेट ठेवले की बाबांचा वॉकर गाडीत मावत नाही, छतावर बांधला तर पाच-सहा मिनिटं जातात. घडी होऊन सीटखाली जाईल असा वॉकर कुणी वापरलाय का? बाबांची उंची पाच फूट नऊ इंच आहे.