चाइल्ड सेव्ह होतात, पण फॉरेन की नल राहते
प्रश्न हायबरनेटचा आहे (जावामधले ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांत सेव्ह करणारी लायब्ररी): ऑर्डर सेव्ह केल्यावर तिच्या चाइल्डच्या, म्हणजे आयटमच्या, तिन्ही ओळी टेबलात पडतात, फक्त ऑर्डर-आयडी ही फॉरेन की (ओळ कुठल्या ऑर्डरची ते सांगणारा कॉलम) नल, म्हणजे रिकामी, राहते. म्हणजे कॅस्केड (ऑर्डरसोबत आयटमही आपोआप सेव्ह होणं) नीट चाललंय, त्याच्याशी झटापट नको. हायबरनेटमध्ये ऑर्डरमधल्या आयटमच्या यादीवर मॅप्डबाय लिहिलं की नात्याची मालकी आयटमकडे जाते आणि फॉरेन की फक्त आयटममधल्या ऑर्डर या फील्डवरूनच भरते. यादीत नुसतं ॲड केल्यानं ते फील्ड रिकामंच राहतं. ऑर्डर क्लासमध्ये एकच मेथड ठेवा: यादीत ॲड आणि लगेच आयटमवर सेट-ऑर्डर. जेसनमधून (मजकूर स्वरूपात आलेल्या डेटातून) ऑब्जेक्ट बनत असेल तर ही मेथड बहुधा वगळली जाते, तिथे सेव्हच्या आधी लूप फिरवून प्रत्येक आयटमवर सेट-ऑर्डर करा.

आणि हो, ऑर्फन-रिमूव्हल (यादीतून काढलेला आयटम डेटाबेसमधूनही पुसणं) लावलं असेल तर अपडेट करताना नवी यादी चिकटवू नका, एक्सेप्शन येतं. जुनीच क्लिअर करून तिच्यात भरा.