मदत हवी आहे : ‘फॉल्स ऑफ क्लाइड’च्या पायवाटा आई-बाबांना झेपतील का?

नमस्कार.

माझे आई-बाबा एप्रिलच्या अखेरीस इचलकरंजीहून आमच्याकडे ग्लासगोला येत असून जुलैअखेरपर्यंत त्यांचा मुक्काम आहे. बाबांचे सारे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेले, त्यामुळे न्यू लॅनार्कची जुनी सूतगिरणी त्यांना दाखवायची हे आमचे केव्हाच ठरले आहे. १७८६ साली सुरू झालेल्या आणि १९६८ पर्यंत चाललेल्या या गिरणीची, तिथल्या कामगारांच्या मुलांसाठी गिरणीचे चालक रॉबर्ट ओवेन यांनी काढलेल्या शाळेची माहिती मला मिळाली आहे, त्यामुळे त्याबद्दल काही विचारायचे नाही. माझा प्रश्न गाव संपते तिथून क्लाइड नदीच्या काठाने वर, ‘फॉल्स ऑफ क्लाइड’ या धबधब्यांकडे जाणाऱ्या जंगलवाटेबद्दल आहे. ज्या पाण्यावर गिरणीची चाके फिरली ते पाणी कुठून येते हे पाहिल्याशिवाय बाबा परतणार नाहीत, आणि बाबा जातील तिथे आईही येणारच.

अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. ती रोज सकाळी सपाटीवर तासभर चालते आणि सावकाश चढतेही, परंतु उतरताना कठड्याचा आधार नसेल तर तिला पाऊल टाकवत नाही. या राखीव निसर्गक्षेत्राची जी छायाचित्रे मी पाहिली त्यांत कुठे लाकडी फळ्यांची वाट, कुठे पायऱ्या, तर कुठे मुळे वर आलेली मातीची पायवाट दिसते, पण कोणता टप्पा किती लांब आहे आणि कठडा कुठे आहे हे त्यांवरून कळत नाही. शिवाय धबधबे पाहायचे तर पावसानंतर जावे असे सगळेच सांगतात आणि नेमक्या त्याच वेळी फळ्या निसरड्या असणार, हे उघड आहे. तेव्हा आई-बाबांना घेऊन नेमके केव्हा जावे, कुठपर्यंत जावे आणि कोणत्या ठिकाणाहून निःसंकोच मागे फिरावे, हे त्या वाटेवर वडीलधाऱ्यांसोबत गेलेल्या कोणी सांगितले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

माझ्या सासूबाईंना घेऊन मी या वाटेने गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली अडचण जंगलात नसून वाहनतळापाशी आहे. मुख्य वाहनतळ टेकडीवर आहे आणि गाव दरीत, त्यामुळे सुरुवातीलाच मोठा उतार उतरावा लागतो आणि परतताना, पाय दमलेले असताना, तोच चढावा लागतो. आईंचे गुडघे त्या उतारावर खर्ची घालू नका. ग्लासगो सेंट्रलहून लॅनार्कला साधारण तासाभरात गाडी पोहोचते. तिथून टॅक्सी करून थेट खाली गावात उतरावे आणि परतीलाही तसेच करावे.

गावातून निघाल्यावर लगेच डंडॅफ लिन हा छोटा धबधबा लागतो (‘लिन’ म्हणजे धबधबा). तो जेमतेम तीन मीटरचा आहे, पण त्याच्याजवळ जायला कष्ट नाहीत. पुढे नदीला अगदी लगटून फळ्यांची वाट जाते आणि हा टप्पा सर्वांत सुखाचा आहे. इथे घाई करू नका. पाण्यातल्या खडकांवर डिपर नावाचा काळसर, पांढऱ्या छातीचा छोटा पक्षी बसल्या जागी सारखा गुडघ्यात वाकताना दिसतो आणि बघता बघता वाहत्या पाण्यात शिरून तळाशी किडे शोधू लागतो. त्यानंतर बॉनिंग्टनचे पांढरे जलविद्युत केंद्र आणि टेकडीवरून त्यात उतरणारे दोन प्रचंड नळ दिसतात. तिथून पुढे चढ आणि पायऱ्या सुरू होतात. कोरा लिन हा सुमारे २६ मीटरचा मुख्य धबधबा वरच्या सज्जातून समोरासमोर दिसतो आणि त्या सज्जाला भक्कम कठडा आहे. गावापासून इथपर्यंतचे अंतर साधारण दीड किलोमीटर भरते.

माझ्या मते आईंनी इथूनच मागे फिरावे. पुढे बॉनिंग्टन लिन या वरच्या धबधब्यापर्यंतची वाट सुंदर आहे, पण ती दरीच्या काठाने जाते आणि काही ठिकाणी तिच्यावर मुळे व चिखल असतो. बाबांना तिकडे जायचेच असेल तर आपण त्यांच्यासोबत जावे आणि तोवर आईंजवळ घरातले कोणीतरी थांबावे. उतरताना आईंच्या हातात एक नव्हे, दोन काठ्या द्या. सर्वांनी पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे जरूर तपासावे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त पाण्याबद्दल थोडी भर घालतो, कारण इथला धबधबा केवळ पावसावर अवलंबून नाही. नदीचे बरेचसे पाणी बॉनिंग्टन लिनच्या वरच्या बंधाऱ्यापाशी वळवून बोगद्यातून विद्युत केंद्राकडे नेले जाते आणि ते कोरा लिनच्या खाली पुन्हा नदीत सोडले जाते. त्यामुळे कोरड्या दिवसांत दोन्ही मोठे धबधबे क्षीण दिसतात, मात्र त्यांच्या खालच्या अंगाला असलेल्या डंडॅफ लिनला नदीचे पूर्ण पाणी मिळते. गिरणीसाठी पाटाने पाणी घेतले जाई तेही याच डंडॅफ लिनपासून, तेव्हा आपल्या बाबांना जे पाहायचे आहे ते गावाला लागूनच आहे.

चांगला पाऊस होऊन गेला की बंधाऱ्यावरून जास्तीचे पाणी वाहू लागते आणि कोरा लिनचे खरे रूप दिसते. पाऊस पडत असताना न जाता तो थांबल्यावर एक दिवस मध्ये जाऊ द्यावा. नदी तोवर भरलेलीच असते आणि फळ्या बऱ्याच निथळलेल्या असतात. स्कॉटलंडच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर नद्यांच्या पातळ्या पाहता येतात, त्या पाहूनच दिवस ठरवावा. वाटेचा एखादा भाग दरड किंवा पडलेल्या झाडामुळे बंद आहे का, याचीही निघण्यापूर्वी चौकशी करावी.

महिन्याबद्दल विचाराल तर मी मे महिना सुचवेन. पाणी कमी मिळण्याची शक्यता असते हे खरे, पण त्या दिवसांत ओक आणि हेझलच्या झाडांखाली निळ्या ब्लूबेलचे गालिचे पसरलेले असतात आणि ओलसर उतारांवर पांढऱ्या फुलांचा रानलसूण इतका माजतो की फोडणीची आठवण व्हावी असा वास साऱ्या वाटेवर दरवळतो. जुलैपर्यंत ही फुले सरतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डंडॅफ लिनला पूर्ण पाणी असते हे कळल्याने माझी मोठी काळजी मिटली. आता मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस होऊन एक दिवस गेला की आम्ही निघू. आई कोरा लिनच्या सज्जापर्यंत येईल, आणि चढ सुरू होण्यापूर्वीच तिला नको वाटले तर फळ्यांच्या वाटेवरूनच परतू. एवढेच आणखी सांगावे, की वीज केंद्र ते सज्जा या चढावर मध्ये टेकायला बाक आहेत का, की घडीची खुर्ची सोबत न्यावी?