मरळीसाठी गळ: स्वस्त की महाग? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. कन्हान नदीवर गळाने मरळ धरतो. बाजारातले सुटे, स्वस्त गळ नखावर टेकवले की घसरतात. धारदार गळ तिथेच रुततो. मरळीचा जबडा हाडाचा, बोथट टोक शिरतच नाही. कानशीने धार लावता येते, पण शेवाळातून मासा ओढताना गळाची बारीक तार सरळच होऊन जाते, त्याला कानस काय करणार?

रोहूला कणकेच्या गोळ्यासाठी स्वस्त गळ चालतात, तिथे पैसे घालवू नयेत असं माझं मत. मरळीसाठी मात्र मुस्ताद, ओनर, गामाकात्सु या कंपन्यांपैकी कोणाचा जाड तारेचा गळ घ्यावा? मापाने 2/0 बरा की त्याहून मोठा 4/0? नदीतल्या दगडाला घासला गेला तरी धार टिकते का? वापरलेल्यांनी कृपया सांगा.