चमक सोन्याची नव्हे
इराणमधल्या काशान शहराच्या जुन्या चकाकत्या भांड्यांवर सोन्याचा मुलामा असतो, असं कुणी कुणी म्हणतं. तसं नाही, आणि खरं कसब तिथेच आहे. झिलई (काचेसारखा लेप) देऊन भाजलेल्या भांड्यावर चांदी-तांब्याच्या संयुगांनी नक्षी काढायची आणि ते पुन्हा भट्टीत घालायचं, पण या वेळी मंद आचेवर, धुरात. प्राणवायू कमी पडला की धातूचे अतिसूक्ष्म कण झिलईतच बसतात. बाहेर काढलेलं भांडं आधी मळकट दिसतं. ओल्या मातीनं घासलं की लखलखतं! काशानच्याच कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमनं १३०१ साली हे लिहून ठेवलं, अगदी भांडं घडवायच्या मातीच्या मिश्रणासकट: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी चिकणमाती. इजिप्तमध्ये काचेवर मात्र अशी नक्षी आठव्या शतकातच दिसते.