कुंभार्ली घाटात ब्रेक पेडल खाली गेलं, नक्की काय तपासून घेऊ?

मंडळी, मदत हवी आहे. कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक, पाच माणसं, डिकी गच्च. शेवटच्या वळणांवर ब्रेक पेडल एकदम मऊ पडलं आणि जवळजवळ तळाला टेकलं. भराभर पंप केल्यावर थोडी पकड आली. मॅन्युअल मोडला टाकून खालच्या गिअरवर घेतली, हँडब्रेक हळूहळू ओढत कडेला लावली. पुढच्या चाकांना जळका वास, रिमला हात लावता येत नव्हता. गार झाल्यावर ब्रेक ठणठणीत!

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘स्कॅनरला एरर नाही, पॅड बदलून टाका.’ उकळलेलं ऑइल स्कॅनर कुठून दाखवणार? माझा संशय ब्रेक ऑइलवरच आहे. बदलल्याची नोंद बिलांत कुठेच नाही. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस सहन करतं, पण ओलावा शोषला की मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. मग नळीत वाफ होते, ती दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही.

पण मास्टर सिलिंडरचं (पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या भागाचं) सील आतून गळत असेल तरी पेडल बसतं ना? इंजिन चालू ठेवून दाबून धरलं, तर माझं हळूहळू खाली जात नाही. म्हणजे सील ठीक समजू का? ऑइलमधला ओलावा मोजून देणारं चिपळूण-रत्नागिरीकडे कुणी आहे का? गणपतीच्या आत काम उरकायचं आहे.